लाल कोळ्याला खाणारा कोळी: घरी कसा वाढवायचा आणि पिकात कसा सोडायचा

लाल कोळ्यावर (पानाच्या पाठीमागं बसून रस पिणारी बारीक कीड, इंग्रजीत माइट) औषधं मारून मारून जे वैतागलेत त्यांच्यासाठी लिहितोय. माझं पवना बाजूला वीस गुंठ्याचं पॉलिहाऊस आहे, डच गुलाब. आमच्या मावळात कुठल्याही गुलाबवाल्याला विचारा, व्हॅलेंटाईनचा माल तोडून झाला की पहिली धास्ती कशाची, तो कोळीच सांगेल. फेब्रुवारी सरतो, ऊन चढतं, हवा कोरडी पडते आणि आठ-दहा दिवसात खालची पानं तांबूस होऊन पाठीमागं जाळी धरायला लागतात. मग आज हे औषध, पाच दिवसांनी ते, पुढच्या आठवड्यात दोन्ही एकत्र. दोन सीझन मी पण हेच केलं, पैसे गेले आणि कोळी राहिला. तिसऱ्या सीझनला मित्रकोळी, म्हणजे लाल कोळ्याला खाणारा कोळी, सोडायला सुरुवात केली, पहिल्यांदा फसलो (का ते खाली सांगतो), पण त्यानंतर आजपर्यंत कोळ्यासाठी म्हणून केलेल्या फवारण्या एका हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या आहेत.

सगळ्यात आधी भिंग घ्या. सोनार वापरतात तसलं दहा किंवा वीस पट मोठं दाखवणारं, दोन-तीनशे रुपयात मिळतं. मोबाईलला लावायची क्लिपवाली लेन्स पण चालते पण हातातलं भिंग बरं, वाफ्यात वाकून पटकन बघता येतं. भिंगाशिवाय हे काम करताच येणार नाही, कारण शत्रू आणि मित्र दोघेही अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, नुसत्या डोळ्याला दोन्ही म्हणजे धूळ.

पान उलटं करा आणि मधल्या शिरेजवळ बघा. लाल कोळी नावाला लाल, पिकावर बऱ्याचदा पिवळट-हिरवा दिसतो आणि पाठीवर दोन बाजूला दोन काळे डाग असतात. तो एका जागी बसून रस पीत असतो, डिवचला तर जरासा सरकतो. त्याची अंडी गोल, काचेच्या मण्यासारखी, जाळ्यात अडकलेली. आता जरा दम धरून तेच पान बघत रहा. मध्येच एखादा थेंबाच्या आकाराचा, चकचकीत, फिकट किंवा नारिंगी रंगाचा, लांब पायांचा जीव पळत जाताना दिसला की समजा हाच आपला. लाल कोळी चालतो, हा धावतो. त्याला डोळे नसतात, पुढचे दोन पाय हवेत उचलून चाचपत चाचपत जातो, आंधळा माणूस काठी टेकत जातो ना अगदी तसं, आणि अंड्याला पाय लागला की थांबतो, तोंड खुपसतो आणि थोड्या वेळात त्या मण्याचं नुसतं चुरगळलेलं टरफल राहतं. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा अर्धा तास वाफ्यातच बसून होतो. त्याचं अंडं पण ओळखायला शिका, ते लांबट असतं, कोंबडीच्या अंड्यासारखं, आणि लाल कोळ्याच्या अंड्याच्या जवळपास दुप्पट मोठं. गोल अंडं शत्रूचं, लांबट अंडं मित्राचं, एवढं पाठ झालं की अर्धं काम झालं.

नावं सांगतो म्हणजे कुणाशी बोलताना अडचण नको. आपल्याकडचा देशी शिकारी कोळी म्हणजे निओसियुलस लाँगिस्पायनोसस. हा भारतात सगळीकडे सापडतो, उष्णता बऱ्यापैकी सोसतो, आणि हे आख्खं लिखाण त्याच्यावरच आहे. जगात जो गाजला तो वेगळा, फायटोसियुलस पर्सिमिलिस. तो १९५८ साली चिलीहून जर्मनीत आलेल्या ऑर्किडच्या झाडांवर सापडला आणि तिथून युरोपच्या काचघरांमध्ये पसरला. हॉलंडमध्ये यान कॉपर्ट नावाचा काकडी पिकवणारा शेतकरी होता, त्याला औषधांचा अंगाला त्रास व्हायचा, त्यानं हा कोळी आपल्या काकडीत वापरला आणि १९६७ मध्ये त्यातून कंपनीच उभी राहिली. म्हणजे ही सगळी गोष्ट एका शेतकऱ्याच्या काचघरातून सुरू झालेली आहे. पण म्हणून ऑनलाईन बघून बाहेरच्या देशातून पाकिटं मागवायच्या फंदात पडू नका, परवानगीशिवाय जिवंत किडे-कोळी आपल्या देशात आणता येत नाहीत आणि ते बरोबरच आहे, आणि आपल्या बांधावर असताना गरजही नाही.

बांधावर म्हणजे कुठं? जिथं औषध पडत नाही तिथं. घराच्या परसात चढवलेला घेवडा, कुंपणाचा एरंड, न फवारलेली भेंडी, पपई, दारातला गावठी गुलाब. दिवाळीच्या मागं-पुढं ते थंडी सरेपर्यंत शोधा. असं पान शोधा ज्याच्यावर लाल कोळी आहे पण फार नाही, ठिपके पडलेत पण पान मेलेलं नाही, कारण तिथं बहुतेक कुणीतरी त्याला खात बसलेलं असतं. भिंगातून कधी बारीक काळा ढालकिडा दिसेल, मोहरीपेक्षा लहान, तो पण कोळीच खातो, त्याला मारू नका. कधी सहा ठिपक्यांचा फुलकिडा दिसेल, तो पण आपलाच, सगळे फुलकिडे वाईट नसतात. शोधूनही नाही सापडलं तर कृषी विज्ञान केंद्रात विचारा, पुण्याच्या कृषी महाविद्यालयात जैविक कीड नियंत्रणाचं केंद्र आहे तिथं विचारा, आणि बेंगळुरूला याच विषयाची राष्ट्रीय संस्था आहे जी मित्रकीटकांची जिवंत कल्चर, म्हणजे वाढवलेला साठा, सांभाळते. पण आधी स्वतःच्या आवारात बघा, माझं कल्चर शेजारच्या आजींच्या घेवड्यावरून आणलेल्या सव्वीस कोळ्यांपासून सुरू झालंय.

आता वाढवायचं कसं. हा कोळी नुसता पाण्यावर किंवा पिठावर वाढत नाही, त्याला खायला लाल कोळीच पाहिजे. म्हणजे आधी घेवडा वाढवायचा, घेवड्यावर लाल कोळी वाढवायचा, आणि लाल कोळ्यावर मित्रकोळी. चारा, शेळी आणि शेळीवरचा वाघ, तिन्ही आपणच पाळायचे. म्हणून जागा तीन लागतात आणि त्या एकमेकींपासून लांब लागतात. माझ्याकडं चाऱ्याचे ट्रे घराच्या गच्चीवर, लाल कोळी जुन्या गोठ्याच्या पडवीत आणि मित्रकोळी पॉलिहाऊसच्या मागं छोट्या शेडनेटमध्ये. सकाळी आधी स्वच्छ घेवड्याला पाणी, मग लाल कोळ्याकडं, शेवटी मित्रकोळ्याकडं, आणि तिथून उलट परत यायचं नाही, आलातच तर आंघोळ करून कपडे बदलून. हे फार कडक वाटेल पण मित्रकोळ्याची एक मादी तुमच्या बाहीवर बसून लाल कोळ्याच्या ट्रेपर्यंत पोचली की पंधरा दिवसात ते कल्चर साफ, आणि मग खाऊ घालायला काही उरत नाही.

घेवडा कुठलाही चालतो, श्रावण घेवडा, राजमा, डबल बी. रुंद पानाचा असला की काम सोपं जातं. कोकोपीट भरलेल्या ट्रेमध्ये दाणे टोचा. बियाण्याला कीटकनाशक चोळलेलं असेल तर ते घेऊ नका, किराणा दुकानातला खायचा राजमा भिजवून लावा, मस्त उगवतो. दर आठवड्याला नवीन ट्रे लावत रहायचं म्हणजे चारा तुटत नाही. बारा-चौदा दिवसात पहिली दोन पानं तळहाताएवढी होतात, तेव्हा लाल कोळी असलेली गुलाबाची किंवा घेवड्याची पानं त्यांच्यावर नुसती ठेवून द्यायची, पान सुकलं की कोळी आपोआप उतरून हिरव्या पानावर जातात. पुढं आठ-दहा दिवसात पानाच्या पाठीमागं भरपूर अंडी आणि पिल्लं दिसतात. जाळी दाट व्हायच्या आत, पान हिरवं आहे तोवर, तो ट्रे मित्रकोळ्याच्या जागी न्यायचा.

सुरुवातीचे वीस-पंचवीस मित्रकोळी उचलायला चित्रकलेचा झिरो नंबरचा ब्रश घ्या, टोक पाण्यात बुडवून झटका, ओलसर टोकाला कोळी चिकटतो, आणि तो तसाच पानावर टेकवला की उतरून पळतो. पहिल्या पिढीसाठी मी ट्रे वापरत नाही, एका थाळ्यात पाण्यानं भिजलेला स्पंज, त्याच्यावर लाल कोळ्यानं भरलेलं घेवड्याचं पान पालथं, पानाच्या कडेनं ओला कापूस. कोळी पाणी ओलांडत नाही त्यामुळं पळून जात नाही आणि रोज भिंगातून मोजता येतो. त्यात दुसरा कुठला जीव चुकून आलाय का तेही कळतं. शंभर-सव्वाशे झाले की पान उचलून सरळ ट्रेवर. ट्रे पण मोठ्या घमेल्यात विटा ठेवून त्या विटांवर ठेवायचे आणि खाली पाणी, पाण्यात साबणाचा एखादा थेंब.

दहा ते पंधरा दिवसात ट्रे तयार होतो. तयार झालाय हे कसं ओळखायचं? लाल कोळी कमी दिसायला लागतात, मित्रकोळी जिकडंतिकडं धावताना दिसतात आणि काही जण झाडाच्या शेंड्यावर जाऊन जमायला लागतात. शेंड्यावर आले म्हणजे खाली अन्न संपत आलंय आणि आता ते वाऱ्यावर निघून जायच्या तयारीत आहेत. त्याच दिवशी पानं काढायची, उद्यावर टाकायचं नाही. दहा पानं काढून भिंगाखाली मोजा आणि सरासरी धरा, माझ्याकडं चांगल्या ट्रेमध्ये पानाला वीस-पंचवीस मिळतात. थोडी पानं पुढच्या ट्रेसाठी मागं ठेवायची, म्हणजे विरजण.

सोडायच्या आधीची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, आणि मी फसलो ते इथंच. पहिल्या वर्षी कोळी सोडायच्या दहा-बारा दिवस आधी मी अळीसाठी सिंथेटिक पायरेथ्रॉईड मारलं होतं. दुकानदार म्हणाला होता आठ दिवसात असर जातो, मी विश्वास ठेवला. सोडलेले सगळे मित्रकोळी चार दिवसात दिसेनासे झाले, आणि महिन्याभरात लाल कोळी आधीपेक्षा जास्त. सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीन, लॅम्ब्डा ही मंडळी मित्रकोळ्याला आठवडेच्या आठवडे मारत राहतात, दोन-अडीच महिने सुद्धा, आणि लाल कोळ्यावर मात्र ती धड चालत नाहीत, त्यामुळं त्याला रान मोकळं मिळतं. इमिडाक्लोप्रिड मारल्यावर पण कोळी वाढल्याचा अनुभव बऱ्याच जणांना असेल, तो भास नाही, ते औषध पिऊन लाल कोळी जास्त अंडी घालतो असं अभ्यासातही दिसलंय. अबामेक्टीन मित्रकोळ्याला मारतंच पण त्याचा असर त्या मानानं लवकर जातो, मी तरी दोन आठवडे थांबतो. बुरशीनाशकात मॅन्कोझेब आणि गंधक यांच्याकडं लक्ष ठेवा. गुलाबात भुरीसाठी गंधकाची सवय सगळ्यांनाच असते, मी आता पोटॅशियम बायकार्बोनेटवर आलोय. बीटी (अळी मारणारा जिवाणू), एनपीव्ही (अळीचा विषाणू), ड्रिपमधून ट्रायकोडर्मा (मित्रबुरशी), यांचा त्रास नाही. आणि अगदीच कोळी हाताबाहेर असेल तर सोडण्याआधी साबणाच्या पाण्यानं पानाच्या मागून चांगली धुलाई करा, साबण ओला असताना जे सापडेल ते मरतं, वाळल्यावर मागं विष रहात नाही, दोन दिवसांनी सोडायला मोकळे.

कधी सोडायचं? पहिलं ठिपक्याचं पान दिसेल त्या आठवड्यात. याचं गणित समजून घ्या. वीस अंशाला लाल कोळ्याच्या अंड्यापासून पुन्हा अंडी घालणारी मादी व्हायला सतराएक दिवस लागतात आणि पर्सिमिलिसला नऊ. तीस अंशाला लाल कोळ्याला सातएक दिवस आणि पर्सिमिलिसला पाच. म्हणजे गारव्यात शिकारी कोळी जवळजवळ दुप्पट वेगानं वाढतो आणि ऊन चढलं की ती आघाडी आटत जाते. त्यातून हवा कोरडी असली तर मित्रकोळ्याची अंडी सुकून फुटतच नाहीत. आपला देशी कोळी उन्हाला जास्त टिकतो पण हिशोब त्याचाही असाच. म्हणून मार्चमध्ये जाळी धरल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही, मी डिसेंबर-जानेवारीतच सोडतो, कोळी जेमतेम कुठं कुठं असतो तेव्हा. लोक म्हणतात एवढ्या थोड्या कोळ्यासाठी कशाला सोडायचे, अरे तो थोडा आहे तेव्हाच तर हे काम करतात.

किती सोडायचे तर सुरुवातीला चौरस मीटरला पाच-सहा, म्हणजे वीस गुंठ्याला दहा-बारा हजार, पण एकदम नाही, दहा दिवसांच्या अंतरानं तीन वेळा. जिथं कोळ्याचे अड्डे आहेत तिथं वीस-पंचवीस. ढोबळ हिशोब असा की दहा-वीस लाल कोळ्यामागं एक शिकारी. अड्डे बहुतेक ठरलेले असतात, दाराजवळ, पश्चिमेच्या पडद्याच्या कडेला, वाटेकडच्या धुळीच्या बाजूला. अशा झाडांना लाल रिबीन बांधून ठेवा म्हणजे मजुरालाही कळतं.

पानं कागदी पिशवीत घ्या, प्लास्टिकमध्ये घाम धरून कोळी बुडतात. न्यायला लांब असेल तर थर्माकोलच्या डब्यात, बर्फाला थेट टेकू देऊ नका. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर पानं झाडाच्या आत, पानाला पान लागेल अशी अडकवायची. गुलाबात खाली वाकवलेल्या फांद्या असतात, बेंडिंगच्या, तिथं अडकवा, तिथं सावली आणि ओल असते आणि ती पानं तोडणीत जात नाहीत, तेच त्यांचं घर होतं. स्ट्रॉबेरीत गाभ्याजवळच्या जुन्या पानांखाली. सोडल्यावर आठवडाभर दुपारी फॉगर (धुक्यासारखं पाणी उडवणारा) दोन-तीन मिनिटं, किंवा वाटा ओल्या ठेवा. पण पान रात्रभर ओलं राहील असं नको, नाहीतर डाऊनी (केवडा) मागं लागेल.

तो शोधतो कसा हा प्रश्न सगळे विचारतात, आंधळा जीव एवढ्या मोठ्या पॉलिहाऊसमध्ये. तर १९८० च्या दशकात हॉलंडमधल्या संशोधकांनी डबल बीच्या झाडांवरच हे दाखवून दिलं, की लाल कोळ्यानं खाल्लेलं झाड एक विशिष्ट वास सोडतं आणि शिकारी कोळी त्या वासाच्या मागं येतो. झाड स्वतः बोलावून घेतं. मला हे कळल्यापासून गुलाबाच्या झाडाकडं बघायची नजरच बदलली.

पहिले दोन आठवडे काही फरक दिसणार नाही, उलट नुकसान थोडं वाढलेलंच दिसेल, आणि याच वेळी हात फवारणीच्या पंपाकडं जातो. जाऊ देऊ नका. जुने ठिपके पुसले जात नसतात, नवीन पानं बघायची. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी प्रत्येक वाफ्यातली दहा पानं, मधल्या उंचीची, वहीत दोनच आकडे: किती पानांवर लाल कोळी, आणि त्यातल्या किती पानांवर मित्रकोळी. लाल कोळी असलेल्या निम्म्याहून जास्त पानांवर मित्रकोळी दिसला की मी निवांत होतो. चार आठवड्यात निम्म्यावर जात नसेल तर आणखी एक खेप सोडतो. छाटणीची पानं लगेच जाळायला नेऊ नका, दोन दिवस झाडाखालीच राहू द्या म्हणजे मित्रकोळी परत वर चढतात.

एक गैरसमज काढून टाका. हा सगळ्या किडींचा इलाज नाही. ढोबळी मिरचीची शेंड्याची पानं आवळली, होडीसारखी वाकली तर तो बहुतेक जाळी न करणारा पिवळा कोळी असतो किंवा फुलकिडे, त्यांच्यावर लाँगिस्पायनोससकडून फार अपेक्षा ठेवू नका. मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण यांना तो तोंड लावत नाही. त्यांच्यासाठी क्रायसोपर्ला हा मित्रकिडा वेगळा, क्रिप्टोलिमस ढालकिडा वेगळा. आणि कुणी एका बाटलीत सगळ्या किडींचे मित्र विकत असेल तर बाटली उघडून आधी भिंगाखाली धरा, आत काही चालतंय का बघा. चालत नसेल तर घेऊ नका.

एप्रिल-मेमध्ये पॉलिहाऊस तापलं की कल्चर सांभाळणं अवघड जातं. मी दोन ट्रे घराच्या उत्तरेकडच्या पडवीत, माठाच्या शेजारी ओल्या पोत्याच्या आडोशाला ठेवतो, रोज एक नजर, आठवड्याला नवा घेवडा. आणि झाडं काढून टाकायची असतील तर उपटायच्या आदल्या दिवशी बेंडिंगची पानं तोडून नवीन प्लॉटमध्ये किंवा शेजाऱ्याच्या प्लॉटमध्ये अडकवायची, त्याला आधी एवढंच विचारायचं की शेवटचं औषध कुठलं मारलंस आणि कधी.